आबांचा राजा अडीच घरं चालायचा

औंढा नागनाथहून वसमतला जाताना मध्ये शिरड शहापूर लागतं. बाहेरची माणसं आमच्या गावाला येतात ती बहुतेक करून मल्लिनाथाच्या जैन मंदिरासाठी. बाकी मग हळद, ऊस, सोयाबीन आणि रस्त्याकडेची हॉटेलं. आमचा हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा निघाला, पण माझे आबा पत्ता सांगताना शेवटपर्यंत 'जिल्हा परभणी'च म्हणायचे. एकदा डोक्यात बसलेली गोष्ट ते सहसा बदलत नसत. ही गोष्ट त्यांच्या अशाच एका सवयीची आहे आणि तिचा उलगडा व्हायला मला जवळपास दहा वर्षं लागली.

मला बुद्धिबळ आबांनी शिकवलं. पट कापडी होता, घरं शिवून केलेली. सोंगट्या लाकडी, त्यातला एक पांढरा उंट माझ्या जन्माआधीच हरवला होता. त्याच्या जागी आबा एक जाडसं हळकुंड उभं करायचे. उन्हाळ्यात हळद शिजवण्याची कामं उरकली की दुपारी ओट्यावर पट मांडला जायचा. आबांसोबत खेळणारे दोघं-तिघं म्हातारे होते. ते आले नाहीत की मग माझा नंबर.

आबांचे नियम असे होते. प्यादं नेहमी एकच घर चालणार, पहिल्या चालीलासुद्धा. प्यादं शेवटच्या घराला पोचलं की ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोचलं तेच ते होणार, हत्तीच्या पट्टीत हत्ती, घोड्याच्या पट्टीत घोडा. आणि राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येणार. एकदाच. त्यातही अट होती: राजाला एकदा जरी शह बसला, तर उडी गेली. मग डावभर राजानं एकेक घर पाय ओढत चालायचं.

सातवीत असताना जिल्ह्याच्या ठिकाणी शाळांच्या स्पर्धेला गेलो. पहिल्याच डावात माझा राजा अडचणीत येतोय असं दिसल्यावर मी ऐटीत त्याला अडीच घरं उडवला. समोरचा मुलगा माझ्याकडे बघतच राहिला आणि त्यानं हात वर केला. पंच आले, राजा परत जागेवर ठेवायला लावला. माझे कान तापले होते. दोन-तीन चालींनी त्या मुलानं राजा उचलून दोन घरं बाजूला ठेवला आणि कोपऱ्यातला हत्ती राजावरून पलीकडे आणून ठेवला. आता मी हात वर केला. 'सर, यानं एका चालीत दोन सोंगट्या हलवल्या!' पंच हसले, तो मुलगा हसला, शेजारच्या पटावरचे दोघंही हसले. त्याला कॅसलिंग म्हणतात, मराठीत किल्लेकोट, हे मला त्या दिवशी कळलं. डाव अर्थातच हरलो.

आमच्या सरांनी नंतर नियमांची एक छोटी पुस्तिका दिली. घरी आल्यावर मी ती आबांना मोठ्यानं वाचून दाखवली.

'एका चालीत दोन मोहरे?' आबा म्हणाले. 'हे कुठलं काढलं रे?'

'आंतरराष्ट्रीय नियम हायत आबा. तुमचं सगळं चुकीचं हाय.'

आबांनी पुस्तिका हातात घेतली, चष्मा लावून थोडा वेळ बघितली आणि परत दिली. 'असंल बापा,' एवढंच म्हणाले.

*

आधी तो नियम नीट सांगतो. खेळणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांचा यात गोंधळ होतो.

राजा आणि हत्ती, दोघंही त्या डावात एकदाही हललेले नसतील आणि दोघांमधली घरं रिकामी असतील, तर राजा हत्तीच्या दिशेनं दोन घरं सरकतो आणि हत्ती राजाला ओलांडून त्याला चिकटून बसतो. राजाच्या बाजूला केलं तर लहान किल्लेकोट, वजिराच्या बाजूला केलं तर मोठा. तीन वेळा मनाई आहे: राजाला आत्ता शह आहे, राजा ज्या घरावरून जाणार त्यावर शत्रूचा मारा आहे, किंवा राजा जिथे पोचणार तिथे मारा आहे. बस. हत्तीवर मारा असला तर चालतं. मोठ्या किल्लेकोटात हत्ती ज्या घरावरून जातो त्यावर मारा असला तरी चालतं. नियमाला काळजी फक्त राजाची आहे.

हे लक्षात राहत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. १९७४ साली मॉस्कोत कार्पोव्ह आणि कोर्चनॉय यांच्यात जागतिक विजेत्याचा आव्हानवीर ठरवणारा सामना झाला. त्यातल्या एकविसाव्या डावात कोर्चनॉयनं चालू डावात पंचांना विचारलं होतं, हत्तीवर मारा असताना किल्लेकोट करता येतो का? जगातल्या पहिल्या दोघा-तिघांतला खेळाडू! पंच हो म्हणाले आणि तो डाव कोर्चनॉय जिंकला.

आता एक बारीक मुद्दा, पुढे लागणार आहे म्हणून. राजाला शह बसलेला असताना किल्लेकोट करता येत नाही, पण शह बसला म्हणून हक्क जात नाही. मध्ये प्यादं घालून शह अडवा, पुढच्या चालीला खुशाल किल्लेकोट करा. हक्क जातो तो राजा हलला तर. आबांच्या उडीचं तसं नव्हतं. तिथे शह बसला की कायमचं संपलं.

*

इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरीला लागलो. २०२० च्या टाळेबंदीत खोलीत बसून मी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. माझ्या वयाच्या बऱ्याच कोडिंगवाल्यांनी तेव्हा हा उद्योग केला असेल.

घोडा, उंट, हत्ती, वजीर लिहायला एक संध्याकाळ पुरते. या सगळ्यांना पटाकडे बघून चालता येतं: आत्ता कोण कुठे आहे एवढं कळलं की झालं. किल्लेकोटाला तेवढं पुरत नाही, त्याला इतिहास लागतो. राजा आणि हत्ती जागेवर दिसतायत, पण ते मध्ये फिरून परत आलेत का, हे पट सांगत नाही. म्हणून प्रत्येक स्थितीसोबत चार जादा बिट जपावे लागतात: पांढऱ्याचा लहान किल्लेकोट शिल्लक आहे का, मोठा आहे का, आणि काळ्याचे तसेच दोन.

प्रोग्रॅम बरोबर चालतोय का हे तपासायची एक ठरलेली चाचणी आहे. सुरुवातीच्या मांडणीपासून अमुक इतक्या चालींपर्यंत किती वेगवेगळे मार्ग निघतात ते मोजायचं आणि सगळ्यांना माहीत असलेल्या आकड्याशी ताडून बघायचं. पहिली चाल २० प्रकारे. दोघांची एकेक चाल झाली की ४००. मग ८,९०२. मग १,९७,२८१. सहा अर्ध्या चालींनंतर, म्हणजे दोघांच्या तीन-तीन झाल्यावर, ११,९०,६०,३२४. माझा प्रोग्रॅम इथपर्यंत तंतोतंत जुळला आणि मी खूश होऊन चहा करायला उठलो. नंतर लक्षात आलं की या जवळपास बारा कोटी मार्गांत किल्लेकोट एकदाही येत नाही. तो येऊच शकत नाही, कारण प्यादं, उंट, घोडा बाहेर काढल्याशिवाय वाट मोकळी होत नाही. सातव्या अर्ध्या चालीला तो पहिल्यांदा दिसतो, ८,८३,४५३ वेळा. आणि माझा आकडा त्याच्या पुढे चुकला.

दोन रात्री गेल्या. चूक अशी होती: हत्ती हलला की मी हक्क काढून घेत होतो, पण हत्ती त्याच्या घरात बसल्या बसल्याच मारला गेला तर हक्क काढायचं विसरलो होतो. त्यामुळे माझा राजा पटावर नसलेल्या हत्तीसोबत किल्लेकोट करत होता.

चूक दुरुस्त केली. पण बाकी सगळा खेळ इतका नेटका असताना हा एकच नियम असा ठिगळ लावल्यासारखा का, हे डोक्यातून जाईना. एका चालीत दोन मोहरे. राजा, जो जन्मभर एक घर चालतो, तो एकदाच दोन घरं चालणार. हत्ती, जो कुणावरून उडी मारू शकत नाही, तो इथे राजाला ओलांडणार. कोड रिव्ह्यूमध्ये असं काही आलं तर आम्ही विचारतो, 'हे कुणी आणि कधी टाकलं?' तेच विचारायला बसलो.

*

उत्तर मिळालं ते बहुतांशी एच. जे. आर. मरे या इंग्रज माणसाच्या १९१३ सालच्या बुद्धिबळाच्या इतिहासात. नऊशेच्या वर पानं. मरे शाळा तपासनीस होता, त्याचे वडील ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचे संपादक. अरबी हस्तलिखितं वाचता यावीत म्हणून हा माणूस अरबी शिकला. मी त्याची स्कॅन केलेली पानं फोनवर बोटानं मोठी करून करून वाचली.

किल्लेकोट म्हणजे खरं तर दोन जुन्या चालींची गाठ आहे. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी युरोपात जे बुद्धिबळ होतं ते भारतातून इराण आणि अरबांकडून तिकडे गेलेलं, आणि फार संथ. वजीर तिरका एकच घर चालायचा. उंट तिरका, फक्त दोन घरांची उडी. अशा खेळात राजा मध्येच बसून राहिला तरी बराच वेळ त्याच्याजवळ कुणी पोचत नसे. तरीही १३व्या शतकापासून राजाला पहिल्या चालीत उडी मारायची सवलत ठिकठिकाणी दिसते. इ. स. १३०० च्या सुमारास याकोबुस दे चेसोलिस नावाच्या इटालियन धर्मगुरूनं बुद्धिबळाच्या मोहऱ्यांवरून समाजातल्या माणसांची कर्तव्यं सांगणारं पुस्तक लिहिलं. ते युरोपभर गाजलं आणि त्यात राजाची ही उडी आहे.

मग १४७५ च्या आसपास स्पेनमध्ये खेळ उलटापालटा झाला. वजिराला आजची ताकद मिळाली, उंट लांबवर तिरका धावू लागला. आजवर महिनाभर चालून येणारं सैन्य जणू एका रात्रीत दारात उभं राहायला लागलं. मध्यावरचा राजा उघड्यावर पडला आणि त्याची ती उडी, जी आधी शोभेची होती, ती आता जिवावरची गोष्ट झाली. खेळाडू एका चालीत हत्ती राजाजवळ आणायचे आणि पुढच्या चालीत राजाला त्याच्यावरून पलीकडे उडवायचे. हे इतकं नेहमीचं झालं की दोन चालींची एक चाल करून टाकली. १६व्या-१७व्या शतकात हे हळूहळू घडलं, आणि तेही प्रत्येक गावात वेगळं. इटलीत तर राजा आणि हत्तीनं आपापल्या सोयीनं मधल्या कुठल्याही घरात बसावं अशी मोकळीक होती. तिथल्या लोकांनी ती १९व्या शतकाच्या अखेरीपर्यंत सोडली नाही.

म्हणजे ज्या पुस्तिकेवरून मी आबांना 'तुमचं चुकीचं' म्हणालो होतो, तो नियम सगळीकडे एकच व्हायला चारशे वर्षं लागली होती. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ निघाला तोच १९२४ साली, पॅरिसमध्ये.

*

आणि मग मरेच्या भारतावरच्या प्रकरणांत मला आबा सापडले.

हिंदुस्थानी पद्धतीच्या खेळात, तो लिहितो, किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्याची चाल करता येते, मात्र त्याला त्याआधी शह बसलेला नसावा. प्यादी एकेक घर. प्यादं ज्या पट्टीत चढलं तेच मोहरं. मी ते पान तीनदा वाचलं. ओट्यावरचा नियम ऑक्सफर्डमध्ये छापलेल्या पुस्तकात होता, आबांच्याही जन्माच्या आधीपासून.

जरा मागे गेलं तर हा खेळ आमच्या भागाला परका कधीच नव्हता. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मराठवाडाही होता. त्यांच्यातला राजा तिसरा सोमेश्वर यानं ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजानं जेवावं काय इथपासून खेळावं काय इथपर्यंत सगळं आहे. मराठीच्या जुन्या खुणा सांगताना त्यातल्या गीतांचा दाखला हटकून देतात. त्याच ग्रंथात, राजाच्या करमणुकीच्या भागात, चतुरंगही आहे. नंतर १७व्या शतकात काशीला नीलकंठ भट्टानं 'भगवंतभास्कर' लिहिला. हे घराणं मूळचं पैठणचं, म्हणजे पुन्हा मराठवाड्याचं. त्याचा 'व्यवहारमयूख' हा भाग इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या कोर्टांत वारसाहक्काचे खटले सोडवायला वापरत. त्याच ग्रंथाचा दुसरा भाग 'नीतिमयूख', राज्य कसं करावं ते सांगणारा. त्यात बुद्धिबळ कसं खेळावं ते आहे. ज्यांच्या पोथीवर लोकांच्या जमिनी वाटल्या गेल्या, त्यांनीच हत्ती-घोड्यांच्या चालीही लिहून ठेवल्या, ही गोष्ट मला फार आवडली.

पण मला खरा थांबवला तो १८१४ सालानं. त्या वर्षी मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं, बुद्धिबळावरच्या निबंधांचं. लेखक त्रिवेंगडाचार्य शास्त्री, मूळ तिरुपतीकडचे, पुण्यात दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाला होते. मूळ ग्रंथ संस्कृत, 'विलासमणिमंजरी'. आणि इंग्रजी पुस्तकाच्या नावातच लिहिलंय की हे निबंध युरोपीय खेळाच्या पद्धतीला जुळवून घेतलेले आहेत.

हे वाक्य मी कितीतरी वेळ बघत बसलो. पुण्यात तेव्हा एल्फिन्स्टन रेसिडेंट होता. चार वर्षांनी, १८१८ मध्ये, बाजीराव शरण जाणार होता आणि पेशवाई संपणार होती. त्याआधीच पुण्यातल्या एका शास्त्र्यानं संस्कृतातलं बुद्धिबळ साहेबांच्या नियमाला जुळवून छापून दिलं होतं. यात मी शास्त्रीबुवांना दोष देत नाही. हे पुस्तक मुख्यतः डावातल्या अवघड स्थितींचं आहे, आणि तिथवर येईपर्यंत राजाची उडी किंवा किल्लेकोट बहुतेक होऊन गेलेला असतो. त्यामुळे जुळवून घेणं फार जडही गेलं नसावं, असा माझा अंदाज. शिवाय ज्याला आपली विद्या दूरवर पोचवायची आहे तो दुसऱ्याच्या फॉरमॅटमध्ये फाइल सेव्ह करतोच. मीसुद्धा तेच करतो, पगार त्याचाच मिळतो.

नियम बदलले म्हणून देशी खेळाडू संपले नाहीत हेही सांगायला हवं. कलकत्त्यात १८५० च्या आसपास महेशचंद्र बॅनर्जी नावाचा बंगाली खेळाडू कॉक्रन या स्कॉटिश बॅरिस्टराशी शेकडो डाव खेळला. प्यादी एकेक घर चालवायची, उंट कोपऱ्याच्या बाजूनं काढायचा, ही त्याची तऱ्हा कॉक्रननं टिपून ठेवली. आज जगभर 'किंग्ज इंडियन' वगैरे नावांनी जे बचाव खेळले जातात, त्यातला 'इंडियन' हा तिथून आलेला आहे. पंजाबातला सुलतान खान देशी पद्धतीनं खेळायला शिकला, १९२९ मध्ये इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही त्यानं हरवलं. ग्रँडमास्टर ही पदवी मात्र त्याला २०२४ मध्ये मिळाली, मृत्यूनंतर, मानद.

*

आता आबांकडे परत.

त्या स्पर्धेनंतर आम्ही माझ्या नियमांनी खेळायला लागलो. आबांनी कुरकुर केली नाही. प्यादं दोन घरं चालतं हे ते विसरायचे, मी आठवण करून द्यायचो. किल्लेकोट त्यांनी स्वतः फारसा केला नाही. पण एक गोष्ट ते नेमानं करायचे. डाव सुरू होऊन दोन-चार चाली होतात तोच उंट काढून माझ्या राजाला शह द्यायचे. मी मध्ये प्यादं घालायचो, उंटावर मारा यायचा, आबा उंट मागे घ्यायचे. त्यांची चाल फुकट जायची आणि माझं प्यादं आयतं पुढे आलेलं असायचं. पुढच्या दोन चालींत मी किल्लेकोट करून मोकळा.

'उगं शह देऊ नका आबा,' मी म्हणायचो. 'त्यानं काय होतं?' नवशिक्यांना शह दिसला की द्यायचा मोह होतो, हे मी तोवर पुस्तकात वाचलं होतं. आबांचं तेच चाललंय, असं मी धरून चाललो. मी जिंकत गेलो. हळूहळू आबा माझ्याशी खेळायचे थांबले. डोळे दुखतात म्हणायचे. त्यांच्या दोस्तांसोबत मात्र खेळायचे, तेव्हा डोळे दुखायचे नाहीत. २०१६ साली आबा गेले.

मरेचं ते पान वाचताना, राजाला आधी शह बसलेला नसावा या ओळीवर, मला तो उंट दिसला.

देशी डावात पहिला शह म्हणजे काय हे बघा. राजाची उडी ही त्याची एकुलती एक सुटका. ती काढून घ्यायची असेल तर मोहरं मारावं लागत नाही, फक्त एक शह पुरतो. मध्ये प्यादं घातलं तरी उपयोग नाही, शह बसला तो बसला. त्यासाठी एखादी चाल खर्ची गेली तरी सौदा स्वस्त. म्हणजे जो शह मला अडाणीपणा वाटत होता तो त्या खेळातला पक्का डावपेच होता. आबांनी किल्लेकोट हा राजाच्या उडीचाच नवा अवतार समजून घेतला होता, आणि इतिहास बघितला तर ते बरोबरच होतं! फक्त त्यांनी उडीची अटही त्यालाच लावली: शह बसला की हक्क गेला. ते दर डावात माझा किल्लेकोट जाळायला बघत होते आणि मी दर डावात त्यांच्या समोर किल्लेकोट करत होतो. त्यांना हे कसं दिसत असेल? शह बसल्यावरही नातू किल्लेकोट करतोय, म्हणजे एक तर खोटं खेळतोय किंवा पुस्तिकेत तसं लिहिलेलं असेल. त्यांनी कधी विचारलं नाही. नियम वाचून दाखवणारा मीच होतो, तर मी सांगायला हवं होतं. मला तो फरक माहीत होता. त्यांना तो माहीत नसेल हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि ते शह का देतात हे विचारायचं मला सुचलं नाही, कारण मी जिंकत होतो.

यानंतर मी माझ्या प्रोग्रॅममध्ये देशी नियमांचा पर्याय घातला. चार बिटांच्या जागी दोनच लागतात, प्रत्येक राजाच्या उडीचा एक. शह बसला की बिट शून्य. किल्लेकोटापेक्षा हा नियम लिहायला कितीतरी सोपा आहे, हत्ती मेला की जिवंत याचा संबंधच नाही. उडीला अर्ध्या प्याद्याएवढी किंमत देऊन प्रोग्रॅमला स्वतःशीच खेळायला लावलं. संधी मिळेल तिथे दोन्ही बाजू लवकर शह देत होत्या. किंमत मीच ठरवलेली, त्यामुळे यात शोध वगैरे काही नाही. तरी रात्री दीड वाजता स्क्रीनवर उंट बाहेर पडून शह देताना बघून मी मोठ्यानं हसलो आणि रूममेट जागा झाला.

किल्लेकोट काढूनच टाकावा, असंही आता काही जण म्हणतात. माजी जगज्जेता क्रामनिक यानं २०१९ च्या अखेरीस ती कल्पना मांडली. डीपमाइंडच्या अल्फाझीरोला तसे डाव खेळायला लावून बघितले, तर खेळ जास्त मोकळा आणि धोक्याचा होतो असं दिसलं. २०२१ मध्ये डॉर्टमुंडला आनंद आणि क्रामनिक किल्लेकोटाशिवाय चार डावांचा सामना खेळले, आनंद २.५-१.५ नं जिंकला. राजाला पुन्हा मध्यावर उभं करायचं, एवढाच त्यामागचा विचार. माझं मत विचाराल तर काढायचाच असेल तर त्या जागी अडीच घरांची उडी घालून बघायला काय हरकत आहे? पण मला कोण विचारतंय.

मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आईनं कपाटातून तो कापडी पट काढून दिला. काळा एक घोडा आता कान तुटका आहे, हळकुंड मात्र शाबूत. वाळून आणखी कडक झालंय. चुलतभावाची पोरगी चौथीत आहे, फोनवर बुद्धिबळ खेळते, किल्लेकोट वगैरे सगळं येतं तिला. ओट्यावर बसून मी तिला आबांचे नियम सांगितले. एकेक घर प्यादी. किल्लेकोट नाही. राजाची एक उडी, शह बसला की उडी गेली.

'एकदा पण?' तिनं विचारलं.

'एकदा पण.'

पांढरी तिनं घेतली. राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं. मी वजिरापुढचं प्यादं एक घर पुढे केलं. तिनं थोडा वेळ पटाकडे बघितलं, मग हळकुंड उचललं आणि तिरकं लांब नेऊन ठेवलं.

'शह काका,' ती म्हणाली. 'तुमची उडी गेली.'